उष्ट्याचं विरजण

माझी नोकरी लोकांच्या थुंकीत गेली. दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगितलं तर ते खोटं होईल. ठाण्याजवळच्या एका दंत महाविद्यालयात जंतूंची प्रयोगशाळा आहे, तिथे मी मावशी होते. काचेची भांडी धुवायची, उकळायची, जंतूंचं जेवण शिजवायला हात लावायचा आणि काम झालं की त्या जंतूंना मारून टाकायचं, हे माझं काम. शिक्षण चौथी. आमच्या मानपाड्यातल्या शेजारणींना वाटायचं की मी दातांच्या कॉलेजात आहे म्हणजे दात स्वस्तात बसवून देईन. माझे स्वतःचे दात तिथल्या मुलांनी शिकता शिकता काढले आणि कवळीही त्यांनीच बसवली. वरची कवळी बोलताना अजून सुटते. स्वस्तात मिळालेलं ते एवढंच.

या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, लिहा, पण लागल्यापासून निवृत्त होईपर्यंतचं सगळं सांगत बसू नका. बरं झालं. सगळ्या नोकरीत सांगण्यासारखं एकदाच घडलं. तेच लिहिते.

आधी काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

किडलेल्या दातात अळी असते असं आमच्याकडे अजून मानतात. कल्याणचा एक माणूस काडेपेटीत अळी घेऊन आला होता. रस्त्यावरच्या कुणीतरी त्याच्या दाढेतून ती काढून दाखवली होती. त्याचं म्हणणं, ही वाढवून बघा आणि हिच्यावर औषध द्या. प्रयोगशाळेच्या मुख्य, आमच्या मॅडमनी ती भिंगाखाली धरली. डाळीतली अळी होती. माणूस भांडून गेला, जाताना काडेपेटीही घेऊन गेला.

दात किडतो तो अळीनं नाही, जंतूनं. डोळ्यांना न दिसणारा एक जंतू असतो. तो दाताला चिकटून बसतो, आपण खाल्लेली साखर खातो आणि आंबट पाणी सोडतो. त्या आंबटानं दात झिजतो. तो जंतू बघायचा तर वाढवावा लागतो आणि वाढवायचा तर त्याला खायला घालावं लागतं. लहान मुलांना चायना ग्रासची जेली करून देतात ना, तशीच जेली आम्ही करायचो. दुधाऐवजी त्यात मेंढीचं रक्त. काचेच्या पसरट बशीत ओतायची, गार झाली की कापसाच्या काडीनं थुंकी फिरवायची आणि उबेच्या कपाटात ठेवायची. सकाळी बशीवर ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे जंतूंची एकेक वस्ती. ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनला चाळी उठतात तशी, एका रात्रीत.

या किडीच्या जंतूवर आमच्याकडे एक डॉक्टर मुलगी काम करत होती. मानसी तिचं नाव. डोंबिवलीची, शाळामास्तरांची मुलगी, बोलणं स्वच्छ आणि स्वभाव घाबरट. तिनं मला सांगितलं ते माझ्या भाषेत असं. तोंडात किडीचा जंतू एकटा नसतो, त्याच्याच कुळातले दुसरे पुष्कळ जंतू असतात. त्यातले काही जिभेवर राहतात आणि आपल्या अंगातून एक प्रोटीन सोडतात. प्रोटीन म्हणजे आपण डाळीत असतं म्हणतो तेच, पण हे विषारी. आपल्याला नाही, शेजाऱ्याला. आणि शेजारी म्हणजे कुणी परका नाही, जवळच्या कुळातलाच. मी म्हटलं, ही तर भाऊबंदकी झाली. मानसी हसली आणि म्हणाली, हो मावशी, अगदी तेच. आपल्याला त्यातला एक भाऊ असा शोधायचाय, जो किडीवाल्याला बांधाच्या पलीकडे ठेवेल.

तो कसा शोधायचा? बशीवर आधी संशयित जंतूचा ठिपका वाढवायचा. मग वरून किडीचा जंतू सगळीकडे पसरायचा. दुसऱ्या दिवशी सगळी बशी धुरकट होते, पण ठिपक्याजवळ प्रोटीन पोचलं असेल तर तिथे किडीवाला उगवत नाही. ठिपक्याभोवती स्वच्छ गोल राहतो. चंद्राला खळं पडतं तसा. डॉक्टरांच्या भाषेत त्याला लांबलचक नाव आहे. मी खळं म्हणायचे, मग सगळेच खळं म्हणायला लागले.

पसरायला किडीचा जंतू लागतो, तो दणकट हवा. तो मिळाला आमच्या तावडेच्या तोंडात. तावडे म्हणजे प्रयोगशाळेतला दुसरा शिपाई, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. सगळ्या स्टाफची थुंकी तपासली तेव्हा तावडेच्या जंतूसमोर बाकीचे फिके पडले. मानसीनं त्याला काहीतरी आकडा दिला होता, पण आम्ही त्याला तावडेचा जंतू म्हणायचो. तावडेला त्याचा अभिमान. सकाळी आला की विचारायचा, "मावशी, आपला पठ्ठ्या काय म्हणतोय?"

आता त्या दिवा गावातलं सांगते.

कॉलेजची एक गाडी आहे, आत दातांची खुर्ची बसवलेली. ती बालवाड्यांमधून फिरायची. दिव्याच्या एका बालवाडीत शिबिर लावलं, मीही गेले होते. मानसीनं आदल्या दिवशी निरोप दिला होता की मुलांना दात न घासता पाठवा. सकाळी बघते तर एकूणएक पोर घासूनपुसून, पावडर लावून, केस चापून हजर. एकीनं तर मुलाची जीभही खरवडून आणली होती. डॉक्टर तोंडात बघणार आणि पोर तशीच पाठवायची, हे कुठल्या आईला जमणार? नळाला पाणी नव्हतं, टँकरची वाट बघत ड्रम रांगेत लावलेले होते, तरी पोरांची तोंडं धुतलेली. मानसी कपाळाला हात लावून बसली. तो दिवस नुसता तक्ते दाखवण्यात गेला आणि थुंकीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

तक्त्यावर एक चित्र होतं. आई चमच्यातलं अन्न स्वतः चाखते आणि तोच चमचा बाळाला देते. त्यावर मोठी लाल फुली. मानसीनं बायांना सांगितलं, बाळाला उष्टं देऊ नका, चावून भरवू नका, तुमच्या तोंडातली कीड त्याच्या तोंडात जाते. मग एकेकीला विचारलं, तुम्ही भरवता का. सगळ्या नाही म्हणाल्या.

उष्टं हा शब्द सगळ्यांना सारखा लागत नाही. माझ्या आईच्या लहानपणी गावात आमच्या लोकांना दुसऱ्यांच्या घरचं उष्टं आणून खावं लागे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ते सोडलं. उपाशी राहीन पण कुणाच्या ताटातलं घेणार नाही, असं आई मरेपर्यंत म्हणायची. आमच्या घरात बाकी शिव्या चालायच्या, कुणाला उष्टं खाणारा म्हटलेलं चालायचं नाही. मानसीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिच्या घरी उष्टं म्हणजे खरकटं ताट, उचललं की झालं. त्या बायांच्या घोळक्यात बऱ्याच आमच्यातल्या होत्या. त्यांनी खाली बघून नाही म्हटलेलं मी पाहिलं आणि मला ते बरोबर कळलं. पण ती कॉलेजची गाडी होती, तिथे माझं काम बर्फाचा डबा धरण्याचं.

त्यांच्यातच रेखा होती. तिशीची, मानपाड्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी, नवरा टेम्पोवर. बोलताना पदर तोंडावर. तिची मुलगी आर्या पाच वर्षांची. बाकी पोरांच्या तोंडात काळे खड्डे आणि हिचे दुधाचे दात तांदळासारखे. चहात बिस्किटं बुडवून खाते, रात्री दात घासत नाही, तरी एक डाग नाही. मानसीनं तिची थुंकी वेगळी खूण करून ठेवली.

त्या थुंकीतल्या एका ठिपक्यानं असं खळं पाडलं की मॅडम स्वतः बघायला आल्या. तावडेचा पठ्ठ्या त्याच्या जवळपास फिरकला नव्हता. तावडे म्हणाला, बशीत काहीतरी घोळ असणार. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मानसीनं मला बशी बल्बसमोर धरून दाखवली.

मग वर्षभर मानसी त्या एका जंतूच्या मागे. त्याचं प्रोटीन वेगळं काढायचं, ते किती तापवलं तर मरतं, कुणाकुणाला मारतं ते बघायचं. सगळा प्रबंध त्यावर उभा. जंतूच्या छोट्या नळ्या भरून मोठ्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. तो फ्रीज घरच्यासारखा नसतो, बर्फापेक्षा कितीतरी गार. जंतू त्यात झोपून राहतो, हवा तेव्हा थोडा काढून जागा करायचा. मी त्याला विरजण म्हणायचे. विरजण संपलं तर दुसऱ्या घरून आणता येतं, याचं तसं नव्हतं. मॅडम म्हणत होत्या की यातल्या काही नळ्या दुसऱ्या प्रयोगशाळेत ठेवायला देऊ. देऊ देऊ म्हणता दसरा आला.

दसऱ्याला कॉलेज बंद असतं म्हणून यंत्रांची पूजा आदल्या दिवशी. सूक्ष्मदर्शकाला कुंकू, उकळायच्या कुकरला हार, फ्रीजला सगळ्यात मोठा हार कारण तो सगळ्यात महाग. मी पूजेला थांबत नाही, पेढा घेते. आमचा दसरा वेगळा असतो. त्या दिवशीही मी काम आवरून दुपारी निघाले. माझ्यामागे बाकीच्यांनी फ्रीजवर दिव्यांची माळ सोडली. ती लावायला जागा नव्हती, म्हणून फ्रीजचा प्लग काढून तिथे माळेचा लावला. आरती झाली, पेढे वाटले, माळेचं बटण बंद करून सगळे घरी. दसरा, त्याला जोडून शनिवार-रविवार. फ्रीज गरम झाला की ओरडतो. तो ओरडला. वॉचमनला वाटलं लिफ्ट ओरडतेय. मग त्याच्या भोंग्याची बॅटरी संपली आणि तो गप्प झाला.

सोमवारी दार मी उघडलं. जमिनीवर पाणी. वाटलं, नळ गळतोय. मग बघते तर फ्रीजच्या खालून ओघळ आणि वर सुकलेला झेंडूचा हार. हाताला फ्रीज नुसता कपाटासारखा लागला. हाराच्या मागे हात घातला तर प्लग लोंबकळत होता. माळेचा प्लग काढून मी तो लावला, बटण दाबलं, पण लावून काय होणार ते मला कळत होतं. स्टुलावर बसले आणि पहिला विचार आला तो मानसीचा नाही, माझा. दार उघडणारी मी. पूजेत नसणारीही मीच.

तसंच झालं. दुपारपर्यंत ऑफिसात कुणीतरी बोललं की मावशींना आपली पूजा चालत नाही ना, रागानं ओढला असेल. माझ्या कानावर ते चहावाल्याकडून आलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि नोकरी कंत्राटावर, माझा जीव टांगणीला लागला. मॅडमनी सगळ्यांना उभं केलं. मी काही बोलायच्या आत तावडे पुढे झाला आणि म्हणाला, प्लग मी काढला, माळेसाठी. लावायचा राहिला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मॅडम त्याला जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. तावडेचा जंतूही त्या फ्रीजमध्येच होता, पण त्याची काळजी नव्हती. तो तावडेच्या तोंडात मजेत होता.

मानसीनं एकही नळी सोडली नाही. बहुतेकांत काही उगवलं नाही. एकीत उगवलं, आर्याचाच जंतू, तसाच ठिपका. वरून तावडेचा पसरला, दुसऱ्या दिवशी बशी काढली, आणि खळं नाही. ठिपका होता, त्याला खेटून तावडेचा पठ्ठ्या उगवला होता. मानसी म्हणाली, असं होतं मावशी, जंतू जगतो पण ते प्रोटीन करायची विद्या हरवतो. मग ती मागच्या खोलीत जाऊन रडली. मी बशी उकळायला नेली.

एकच वाट होती, आर्याकडे पुन्हा जायचं. ज्या तोंडात तो एकदा होता तिथे अजून असणार.

गाडी घेऊन आम्ही दिव्याला गेलो. आर्या अंगावर चादर घेऊन पडलेली, घसा सुजलेला, अंगात ताप. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं गोड औषधाची बाटली दिली होती. मानसीनं बाटली हातात घेतली, वाचली आणि खाली ठेवली. मला विचारायची गरज नव्हती. ते औषध घशातल्या जंतूला मारतं, पण वाटेत जिभेवर कोण बसलाय ते बघत नाही. रेखानं विचारलं, औषध चुकीचं आहे का? मानसी म्हणाली, नाही, बरोबर आहे, पूर्ण बाटली संपवा, मधेच थांबवू नका. तिनं हे लगेच सांगितलं, त्याबद्दल मी तिला मानते. माझ्या मनात औषध थांबवायचं आलं होतं.

थुंकी घेतली, काही मिळालं नाही. आर्या बरी झाली, खेळायला लागली, पुन्हा थुंकी घेतली. ठिपके उगवले, खळं नाही. आणखी थोडे दिवस थांबून पुन्हा. नाही. दर वेळी बशी उबेला ठेवली की मानसी जेवत नसे. मॅडमनी तिला सांगून टाकलं, मार्चच्या आत जंतू मिळाला नाही तर विषय बदल. म्हणजे वर्ष गेलं. तिचे वडील निवृत्त, घरावर कर्ज. तावडे तिच्या समोर येईनासा झाला. भिंतीकडेनं चालायचा. गोळ्याही खाईना.

एके दिवशी मानसी माझ्याजवळ बसून म्हणाली, आर्याच्या तोंडात तो आभाळातून पडला नसेल. हे जंतू घरातल्याच कुणाच्या तरी तोंडातून येतात, बहुतेक आईच्या. पण रेखा तर म्हणाली की ती उष्टं देत नाही. आणि स्वतःचं तोंड ती उघडत नाही, मी दोनदा विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. आजारी आर्याकडे गेलो होतो त्या दिवशी मानसी फोनवर बोलायला बाहेर गेलेली. पोरगी खात नव्हती. रेखानं भाकरीचा तुकडा स्वतः चावला, मऊ केला आणि तिच्या तोंडात घातला. मग मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं आणि ती पाठ करून बसली. मी हे मानसीला सांगितलं नव्हतं. बाईनं पाठ केली म्हणजे ते तिचं झालं. आताही मी एवढंच म्हटलं, "मला घेऊन चला. बोलायचं मी बोलते."

रविवार होता. रेखा घरी. मानसीनं नीट समजावलं, कशाला हवं, काय करणार, नाव कुठे येणार नाही, नको असेल तर नको म्हणा. रेखा पदर तोंडाला लावून नको म्हणाली. मानसी माझ्याकडे बघून गाडीत जाऊन बसली. नळी आणि बर्फाचा डबा माझ्याजवळ.

आर्या दारात भातुकली मांडून बसली होती. मग रेखा म्हणाली, "मावशी, तुम्ही जयभीमवाल्या ना?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा. त्या बाईंसमोर मी काय बोलू? पोरीला उष्टं घालते म्हणून?"

"आईचंच ना. ताटातलं तर नाही."

"चित्रावर फुली मारलीय त्यांनी. लाल." तिनं आवाज खाली आणला. "मी कामावर जायला लागले तेव्हा ही दहा महिन्यांची. शेजारणीकडे ठेवायचे. घरी आले की खायची नाही, मी चावून दिलं तरच खायची. अजून आजारी पडली की तेच मागते. कुणाला सांगितलं नाही. हिच्या बापाला पण नाही."

"आणि तोंड का दाखवत नाहीस?"

तिनं पदर काढला. दात काळे, हिरड्यांपर्यंत. मशेरी.

"पाच वाजता उठून दिवसभर उभं राहायचं, मशेरीशिवाय जमत नाही. आता हे डॉक्टरला दाखवू?"

मी कवळी काढली, वरची आणि खालची, आणि तळहातावर तिच्यासमोर धरली. कवळी काढली की माझा चेहरा बटव्यासारखा आत जातो, शब्द फुसफुसतात. मी म्हटलं, "ही बघ. दातांच्या कॉलेजात जन्म काढला आणि तोंडात एक दात नाही. आता बोल, कुणी कुणाला लाजायचं?"

माझं ते फुसफुसणं ऐकून ती हसली. पदर न लावता हसली. दारातून आर्या धावत आली आणि म्हणाली, आजीनं तोंड काढलं. मी एक नळी घेऊन त्यात स्वतः थुंकले, बूच लावलं. दुसरी रेखापुढे धरली.

ती नळीकडे बघत राहिली. "आर्याच्या तोंडातलं ते गेलं म्हणता. म्हणजे आता तिचे दात किडणार?"

मला खोटं बोलता आलं असतं. "ठाऊक नाही," मी म्हटलं. "त्या बाईंनाही ठाऊक नाही. त्यासाठीच तर शोधतायत."

रेखानं आर्याला बाहेर पाठवलं. मग नळी घेतली.

गाडीत मानसी म्हणाली, मशेरीचा तंबाखू, कोण जाणे तो जंतू तिच्या तोंडात टिकला असेल का. मी बर्फाचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. तिला म्हटलं, आता बोलू नका.

बशांची जेली त्या दिवशी मी केली. नेहमीचंच काम, पण या वेळी कुकरचा काटा वर चढतोय का ते समोर उभं राहून बघितलं. पहिल्या दिवशी ठिपके उगवले, पुष्कळ. आर्याच्या जंतूसारखे दिसणारे मानसीनं वेगळे काढले. ते वाढले, मग वरून तावडेचा पसरला. पसरायला तावडेला त्या आठवड्यात नव्यानं थुंकावं लागलं होतं, तेवढं काम तो मुकाट्यानं करून गेला. बशा उबेत गेल्या. मी घरी आले, भात लावला आणि तो खाली लागला. सून म्हणाली, बरं नाही का. मी तिला काय सांगणार, की दिव्याच्या एका बाईच्या थुंकीची काळजी लागलीय.

सकाळी मी पोचले तर तावडे आधीच दाराशी. मानसी आली, तिनं कपाट उघडलं. पहिली बशी काढली, बल्बसमोर धरली. धुरकट. दुसरी. धुरकट. एक ठिपका वेडावाकडा होता, नुसता. तिसरी तिनं बराच वेळ धरून ठेवली. मी जवळ गेले. कडेच्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल. पौर्णिमेला पडतं तसं खळं.

तावडे मान पुढे करून बघत होता. मग म्हणाला, "मेला बिचारा माझा." आणि भिंतीला टेकून खाली बसला.

तो आर्याचाच जंतू आहे हे पक्कं व्हायला पुढे कितीतरी चाचण्या लागल्या. तोच होता. आईच्या तोंडातून मुलीच्या तोंडात, चावलेल्या भाकरीतून. मानसीचा प्रबंध झाला, ती आता बाहेरगावी शिकवते. नळ्या या वेळी दोन ठिकाणी ठेवायला दिल्या. त्या प्रोटीनचं औषध झालं का, टूथपेस्ट निघाली का, असं लोक विचारतात. नाही निघाली. बशीवर खळं पडलं म्हणजे माणसाच्या तोंडात पडेलच असं नाही, हे मॅडम शेवटपर्यंत सांगत होत्या. मीही तेच सांगते.

तक्त्यावरची लाल फुली तशीच आहे. मी मानसीला एकदा विचारलं की आता ती पुसायची का. ती म्हणाली, नाही मावशी. आईच्या तोंडात कोण बसलंय ते आईला दिसत नाही. एका रेखाच्या तोंडात राखणदार निघाला, बाकी घरांत तावडेच. तिचं बरोबर आहे. तरी चित्रातल्या त्या बाईच्या तोंडावर फुली बघून मला बरं वाटत नाही, आणि ते का हे मी मानसीला कधी सांगितलं नाही.

निकाल सांगायला रेखाला मी फोन केला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं उष्टं तुमच्या त्या मोठ्या फ्रीजमध्ये?"

"हो."

"झाकून ठेवलंय ना?"

आर्याचं विचारलं तर म्हणाली, आता मोठी झाली, चावून दिलं तर हात झिडकारते. पुढच्या तपासणीत तिच्या एका दाढेवर बारीक काळा ठिपका दिसला. तो औषधामुळे आला, बिस्किटांमुळे आला की यायचाच होता, हे कुणीच सांगू शकलं नाही. रेखानं मला त्याचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

मी आता घरी असते. दर वर्षी पूजेच्या दिवशी संध्याकाळी तावडेला फोन करते. तो म्हणतो, प्लग लावलाय मावशी, त्याच्यावर टेप मारलीय, माळ खिडकीला सोडलीय. मी म्हणते, ते ठीक, पण तू जा आणि हात लावून बघ, गार लागतोय का. तो कुरकुरत जातो. त्याच्या चपलांचा आवाज लांब जातो, दार वाजतं. तेवढा वेळ मी फोन कानाला धरून उभी असते.